वीस पावलांचा काठ

माय, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहितो आहे. मी शाळकरी असताना कागद हातात घेतला की तू चुलीजवळून ओरडायचीस, "मोठ्यानं वाच, मले बी ऐकू दे." आज हे मोठ्यानं वाचण्यासारखं नाही. आणि एक समजून घे, बोलताना माझ्या तोंडी अजून तुझीच बोली येते, पण पेन धरलं की तेहतीस वर्षं पोरांना शिकवलेली शाळेची मराठी उतरते. तू गेल्याला सोळा वर्षं झाली. मी आश्रमशाळेतून निवृत्त होऊन दोन. गाव तेच आहे, कुरखेड्याच्या बाजूचं आपलं तीन एकर धान तेच आहे. आपल्या शेताला वळसा घालून नाला जंगलात शिरतो आणि तासाभराच्या चालीवर बाईच्या गावाशी बाहेर पडतो, तेही तसंच आहे. बाई, म्हणजे तुझी लेक, माझी धाकटी बहीण. मला जे सांगायचं आहे ते या दोन गावांच्या मधल्या पाण्याचं आहे, आणि ते तू असतानाच सांगायला हवं होतं.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि शेत तुझ्या अंगावर पडलं. त्या वर्षी नांगरणीला तू गावातली एक बैलजोडी सांगितली होतीस. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहतो आहे. नांगरणारा चांगला माणूस, विधवेचं शेत म्हणून नांगराच्या दोन ओळी जास्तीच्या काढून द्याव्यात या हिशेबानं त्यानं बैल नाल्याच्या अंगाला वळवले, आणि तू रोपं टाकून धावत जाऊन बैलांच्या पुढ्यात उभी राहिलीस. "इथून पुढं नाई." तो हसला. "बाई, जागा तं तुमचीच आहे." तू नाल्याच्या कडेला गेलीस, शेताकडे तोंड केलंस आणि पावलं मोजत आलीस. वीस भरली तिथं पळसाची एक फांदी मोडून खोवलीस. नाल्याच्या अख्ख्या लांबीला तू त्या दिवशी अशा फांद्या खोवल्यास आणि त्यांच्या पलीकडे नांगराचा फाळ तू असेपर्यंत गेला नाही.

मला तेव्हा फार राग आला होता. तेवढ्या जागेत तीन बांध्या, धानाची तीन खाचरं, बसली असती आणि आपण त्या वर्षी मोहफुलं उकडून दिवस काढत होतो. मी तसं बोललो आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. मग श्रावणात एका दुपारी, पाऊस धो धो असताना, मला घोंगडं पांघरवून काठावर घेऊन गेलीस. बांध्या फुटून वाहत होत्या. तांबडं, जाड पाणी उताराला लागलं होतं आणि धावत काठाच्या गवतापर्यंत आलं. तिथं त्याचा जोर गेला. ते पसरलं, वाळ्याच्या आणि मोळाच्या बुंध्यांमधून वाट काढत, रेंगाळत पुढे सरकलं, निर्गुडीच्या झुडपांखालून, अर्जुनाच्या मुळ्यांवरून. नाल्यात उतरताना त्याचा रंग फिका झाला होता. सगळं स्वच्छ झालं होतं असं नाही, पण गाळ वर राहिला होता. तू वाकून गवताच्या बुडातला चिखल मुठीत घेतलास आणि मला दाखवलास. "हे इथी नसतं थांबलं तं कुठी गेलं असतं? खालच्या गावच्या बाया वाळूत झिरा करतेत. त्याईच्या पान्याच्या गुंडात गेलं असतं आपलं शेत."

झिरा म्हणजे काय हे मला त्याआधी माहीत होतं, पण त्याचा आपल्याशी संबंध असतो हे नव्हतं. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं आणि वाट पाहायची. मग वाळूतून झिरपून जे पाणी भरतं ते डोळ्यासारखं निवळ असतं. बाईच्या सासरच्या गावात तेच पितात. पुढं बाईचं लग्न ठरवताना तुझ्याकडे दोन स्थळं आली होती, एक चामोर्शीकडचं, चांगलं पक्क्या घराचं, आणि एक हे नाल्याखालचं. तू नाल्याखालचं धरलंस. सोयरे विचारायला लागले तेव्हा म्हणालीस, "त्या गावचं पानी चांगलं आहे." सगळे हसले. मीही हसलो.

तो काठ तुझं दुसरं स्वयंपाकघर होतं. अळूची पानं, आपला धोपा, तिथली, केरसुणीचं गवत तिथलं, जांभळं तिथली, घरात कुणाला ताप आला की निर्गुडीचा पाला तिथला. बाई माहेरी आली की पहिल्या दिवशी धोप्याच्या वड्या ठरलेल्या. तू पानावर बेसन लावता लावता तिला एकच प्रश्न विचारायचीस. सासू कशी, नवरा कसा, हे नंतर. आधी, "झिरा कसा आहे?" बाई म्हणायची, "हाय न मस्त." मग तू पुढच्या पानाला हात घालायचीस.

तुला लकवा झाला त्या हिवाळ्यात मी रजा टाकून घरी होतो. तू ओसरीच्या आतल्या खोलीत खाटेवर. उजवा हात गेला होता, बोलणं अर्धं राहिलं होतं. त्याच दिवसांत गावात जेसीबी आला. वरच्या अंगाच्या शेजाऱ्यानं आपला काठ पाण्यापर्यंत साफ करून घेतला आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन मला म्हणाला, "मास्तर, मशीन आलीच आहे गावात. तुमचं बी करून टाकू. तीन बांध्या निघतेत, काऊन पडीत ठेवता?" मी नाही म्हणालो नाही. मला बत्तीस वर्षांपूर्वीचा धपाटा आठवला होता, आणि मी तेव्हाही बरोबरच होतो असं कुठंतरी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसात सगळं झालं. अर्जुनाची चार झाडं जायला तेवढा वेळ लागला, बाकी गवत, झुडपं, शिंदी, हे सगळं मशीनच्या बादलीच्या चार फेऱ्यांत गेलं.

आवाज घरापर्यंत येत होता. तू विचारलंस, शब्द जुळवत, "काय वाजून राह्यलं?" मी म्हणालो, "रस्त्याचं काम आहे, माय." तू डोळे मिटलेस. पुढं उन्हाळ्यात, जायच्या चार-पाच दिवस आधी, मी तुला पेज भरवत होतो तेव्हा तू पुन्हा विचारलंस. "काठ हाय ना?" मी म्हणालो, "आहे." चमचा तुझ्या तोंडाशी होता. तू पेज घेतलीस. तुझ्याशी माझं शेवटचं नीट बोलणं ते आहे.

पहिली दोन-तीन वर्षं धान असं आलं की माझं मन मोकळं झालं. वर्षानुवर्षं पानगळ कुजलेली काळी जमीन होती ती. मग तिचा कस गेला आणि मी युरिया वाढवला. कडेपर्यंत तणनाशक मारलं. फवारणीचा पंप नाल्यातच धुतला, कारण पाणी दोन पावलांवर होतं. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा, धुरा वाहून जायचा, आम्ही तो पुन्हा घालायचो आणि मी म्हणायचो, पाऊसच तसा झाला. सोमवारी शाळेत जाऊन फळ्यावर खडूनं नदी काढायचो, नदीच्या दोन्ही बाजूंना झाडं काढायचो आणि पोरांना पाण्याचं प्रदूषण शिकवायचो. मला त्यात काही खटकत नव्हतं, माय. फळा वेगळा होता आणि शेत वेगळं होतं.

बाई यायची. सांगायची, अलीकडे झिरा लवकर निवळत नाही, वाळूवर गाऱ्याचा, चिखलाचा थर बसला आहे, खोल खोदावं लागतं, पाण्याला वास येतो. उन्हाळ्यात डोहांवर हिरवं शेवाळ धरतं. झिंगे मिळेनासे झाले. गावात हातपंप आहे, पण त्याचं पाणी लालसर, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून बाया झिऱ्यालाच जातात. मी ऐकायचो आणि "सगळीकडेच असं झालं आहे" म्हणायचो. तिला माझा संशय आला नाही, कारण लग्नानंतर तिनं शेताकडे फिरकायचं कारण उरलं नव्हतं. घरी यायची, घरून जायची.

तू गेल्याच्या आठव्या वर्षी, पावसाळ्यात, बाईची नात आजारी पडली. तान्ही होती, वर्षाचीही नाही. हगवण लागली, तीन दिवसांत पोर कागदासारखं झालं. कुरखेड्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं आणि ते वाचलं. डॉक्टरनं पाणी कुठलं पाजता एवढंच विचारलं. नात घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकटी नाल्यानं वर चालत निघाली. गाळ कुठून येतो ते पाहायला. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्याच मनानं. जंगलातून दोन झरे नाल्याला मिळतात, ते दोन्ही तिनं हातात घेऊन पाहिले, दोन्ही स्वच्छ. गढूळपणा मुख्य धारेला होता. ती पाण्यातून, कडेकडेनं वर येत गेली, जंगल संपलं, आणि समोर उघडा, कापल्यासारखा तांबडा काठ आणि थेट पाण्याला टेकलेल्या बांध्या. ते कुणाचं शेत आहे हे कळायला तिला वेळ लागला, असं ती नंतर म्हणाली. अर्जुन नसल्यामुळं तिला माहेर ओळखू आलं नाही.

रविवार होता. मी ओट्यावर दाढी करत होतो. बाई अंगणात आली, गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं, हातात पाण्याची बाटली.

"भाऊ, काठ कोन तोडला?"

"मीच तोडला."

"मायनं तोडू देला?"

माझ्या गालावर साबण होता. मी म्हणालो, "माय खाटेवर होती तवा."

तिनं आत जाऊन गडवा आणला, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे आमच्या झिऱ्याचं. पोरीले हेच पाजत होतो आमी. पी."

मी गडवा उचलला. माझी बायको दारातून म्हणाली, "नका पिऊ हो." मी तो तोंडापर्यंत नेला, खोटं नाही सांगत, मी प्यायलो असतो. बाईनं झडप घालून तो माझ्या हातून घेतला आणि पाणी अंगणात फेकलं. "तुले कसं पिऊ देईन रे? माहा भाऊ आहेस तू." आणि ती रडायला लागली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, पावसावर ढकललं असतं, शेजाऱ्याकडे बोट दाखवलं असतं. ती जेवली नाही. त्या वर्षी राखी आली नाही.

मी तीन बांध्या सोडायचं ठरवलं तेव्हा घरात वाद झाला. बायको म्हणाली, "पिकतं रान सोडून देता? आठ वर्षं काय केलं मंग?" तिचं चूक नव्हतं, चिखलात पाय तिचे होते, मी शनिवार-रविवारचा शेतकरी. पण बाईचं रडणं तिनंही पाहिलं होतं. दोन दिवसांनी तीच म्हणाली, "लावायचं तं मंग नीट लावा." मी नीट लावलं नाही. शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशी लावतात तशी रोपं एका रांगेत लावली, अर्जुन, जांभूळ, करंज, प्रत्येकाला काठी आणि भोवती आळं. पहिल्याच पुरात निम्मी गेली आणि उरलेल्यांच्या मधून गाळ सरळ नाल्यात गेला. पाऊस थांबल्यावर मी तिथं उभा होतो आणि तेव्हा मला ती श्रावणातली दुपार आठवली. पाणी थांबलं होतं ते गवतात. झाडांनी काठ धरला होता, गाळ गवतानं धरला होता. सातवीत असताना तू मला मुठीत चिखल घेऊन दाखवलं होतंस आणि मी फक्त भिजलो होतो.

मग आम्ही दोघांनी जंगलाच्या कडेहून वाळ्याचे आणि मोळाचे थोंब मुळांसकट खणून आणले. शेताच्या अंगाला गवताचा दाट पट्टा, त्याच्या मागं निर्गुडी, आणि झाडं पाण्याजवळ. थोंब बायकोनं लावले, ओळीनं नाही, धानाच्या रोवणीला पाय मागं घेत जातात तसं, एकाच्या फटीसमोर दुसरा. मी पाणी घालायचो. दुसऱ्या वर्षी गुरांनी खाल्लं, तिसऱ्या वर्षी धरलं.

एक दिवस मी बाईच्या गावी गेलो, तिच्यासारखाच नाल्यातून चालत. झिऱ्यावर चार-पाच बाया होत्या, बाई नव्हती. मी मास्तर आहे, उभं राहून बोलायची सवय आहे, तरी तिथं मला वाळूत बसावं लागलं. मी सांगितलं, वरचा काठ मी तोडला, तुमच्या पाण्यातला गारा माझ्या शेतातला आहे. एक तरणी बाई तडकली, "मंग आता सांगाले आलास?" त्यांच्यात एक म्हातारी होती, गोंडाच्या घरची, कपाळावर गोंदण. तिनं विचारलं, "तू कोनाचा?" मी तुझी ओळख सांगितली. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "तुही माय येत होती इथी," ती म्हणाली. "पोरीच्या घरी जायच्या आधी इथी बसे. वाटीनं उपसे, वाट पाहे, वंजळभर पेये. मंग उठे. मी म्हनो, घरी जाऊन पे ना बाई, पोरगी देते पानी. तं म्हने, नाई, इथीच पाहून जातो."

हे मला माहीत नव्हतं, माय. बाईलाही नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. किती वर्षं तू अशी झिऱ्यावर थांबून आपल्या शेताची परीक्षा घेत होतीस, आणि मग लेकीच्या घरी जाऊन तिलाच विचारत होतीस, झिरा कसा आहे.

शेजाऱ्यांकडेही गेलो. जेसीबी आणणारा आता गुडघ्यानं अधू झाला आहे. म्हणाला, "मास्तर, तुमी पगारी मानूस. तुमाले सोडनं परवडते." ते खरं होतं आणि मी तसं कबूल केलं. त्यानं वीस नाही, दहा पावलं सोडली, तीही त्याचा धुरा दोनदा वाहून गेल्यावर. त्याच्याही वरच्या दोघांनी थोडंथोडं सोडलं. एक जण अजून पाण्यापर्यंत नांगरतो आणि मला रामराम घालतो. पंप मात्र आता नाल्यात कुणी धूत नाही, बाईच्या गावच्या बायांनी एकदा येऊन वरच्या सगळ्या शेतांवरून फेरी मारली, तेव्हापासून.

आठ वर्षांत झालं ते एवढंच. पावसाळ्यात झिरा अजून गढुळतो, पण दोन-तीन दिवसांत निवळतो, अख्खा हंगाम जात नाही. वाळू परत वाळूसारखी दिसते. मागच्या हिवाळ्यात नातीनं फडक्यात झिंगे धरले. ती आता तिसरीत आहे. राखी दुसऱ्या वर्षी आली होती, पोस्टानं. बाई स्वतः यायला चार वर्षं लागली. आली ती नाल्यानंच आली, काठ पाहिला, हातानं गवत बाजूला करून बुडातला चिखल पाहिला आणि घरी येऊन जेवली. माफ केलं असं म्हणाली नाही, मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी तिला खाटेवरच्या त्या दोन्ही खोट्या उत्तरांबद्दल सांगितलं. वाटलं होतं ती परत उठून जाईल. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. मी म्हणालो, "तिले मशीनचा आवाज समजला असंल का वो?" बाई म्हणाली, "समजला असंल. नसंल बी. आता कोनाले विचारून राह्यला?" आणि सूप माझ्याकडे सरकवलं, की बसला आहेस तर खडे काढ. मी खडे काढले.

हे कागद मी कुणाला देणार नाही. तुझ्यापर्यंत पोचायची वाट नाही आणि बाईला हे सगळं माहीत आहे. एक सोडून. यंदा रोवणी संपली तेव्हा रोपांची एक पेंढी उरली. बाया घरी गेल्या होत्या. मी ती हातात घेऊन काठाकडे गेलो. गवताच्या कडेला, वीस पावलांच्या आत, ओल छान होती, जमीन परत काळी झाली आहे. मला त्या जागेत अजूनही धान दिसतं, माय, दर वर्षी दिसतं. मी खाली बसलो आणि एक ओळ रोवली. मग लाज वाटली, उपटून टाकली. सगळी नाही उपटली. चार रोपं राहू दिली आहेत, गवतात लपून जातात, आता त्यांना लोंब्या धरल्या आहेत. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.